गाडी ओढत नाही? आधी निदान, मग पाना

डिझेल मोटार दोन-अडीच लाख किलोमीटर चालली की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते: "मिस्त्री, गाडी ओढत नाही." चढावर दम सोडते, ओव्हरटेक करताना धोका वाटतो, ॲव्हरेजही उतरलेले असते. पुष्कळ ठिकाणी गाडीचे बॉनेट उघडण्याआधीच निकाल लागतो: "टर्बो गेला." टर्बो बदलला जातो, हजारो रुपयांचे बिल होते आणि गाडी पुन्हा तशीच. मग इंजेक्टर, मग पंप. शेवटी दोष निघतो तो एखाद्या फाटलेल्या रबरी होज पाइपमध्ये.

यात नुकसान दोघांचे होते. गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि गॅरेजचे नाव जाते. टॅक्सी किंवा टूरवर चालणारी गाडी असेल तर तिच्यावर एका घराची चूल अवलंबून असते. अशा माणसाची गाडी चार दिवस उभी राहिली आणि वर अनावश्यक सुटा भाग त्याच्या गळ्यात पडला, तर तो आपल्या दारात पुन्हा येत नाही. म्हणून या लेखात जुन्या टर्बो डिझेल मोटारीचा दम का कमी होतो आणि कारण कोणत्या क्रमाने शोधावे, हे आपल्या कारागीर बांधवांसाठी आणि गाडीमालकांसाठी दिले आहे.

चार गोष्टींचा खेळ

डिझेल इंजिनला ताकद निर्माण करायला चार गोष्टी लागतात. पुरेशी हवा, योग्य वेळी पुरेसे डिझेल, सिलिंडरमधील दाब म्हणजे कॉम्प्रेशन, आणि जळलेला धूर बाहेर जायला मोकळी वाट. ओढ कमी झाली म्हणजे या चारपैकी कशात तरी कमतरता आहे. सेन्सर आणि इंजिनचा संगणक, ज्याला आपण ई.सी.यू. म्हणतो, ते या चार गोष्टींवर नजर ठेवतात आणि त्यांचे प्रमाण ठरवितात. सेन्सरने चुकीची माहिती दिली तर सर्व भाग चांगले असूनही ई.सी.यू. डिझेल कमी सोडतो. आपल्याला शोधायचे आहे ते हे की चारपैकी काय कमी पडते आहे. ते कळण्याआधी कोणताही महाग भाग खोलू नये, हाच या संपूर्ण लेखाचा सारांश आहे.

उदाहरणासाठी आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसलेले एक इंजिन घेऊ. फियाटचे १२४८ सी.सी.चे मल्टीजेट इंजिन. जानेवारी २००७ मध्ये मारुतीने ते स्विफ्टमध्ये दिले, २००८ मध्ये डिझायरमध्ये आले आणि त्याच वर्षी टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट या नावाने आले. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या, पण या इंजिनच्या जुन्या गाड्या अजूनही धंद्यावर चालताना दिसतात. स्विफ्टमधील हे इंजिन ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती आणि २००० फेऱ्यांना १९० न्यूटन मीटर टॉर्क देते.

हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. इंजिन लहान आहे, त्याची खरी ताकद टर्बोने हवा कोंबायला सुरुवात केल्यावर, म्हणजे साधारण १८०० ते २००० फेऱ्यांवर येते. त्याखाली गाडी मंद वाटणे हा या इंजिनचा स्वभाव आहे, दोष नव्हे. चालकाने वरच्या गिअरमध्ये १३०० फेऱ्यांवर चढ चढायचा प्रयत्न केला तर नवी गाडीही ओढणार नाही. इतर कंपन्यांच्या कॉमन रेल टर्बो डिझेल गाड्यांनाही पुढील तपासणी लागू पडते. आकडे मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावेत.

पहिली पायरी : गिऱ्हाइकाचे ऐकून घ्या

पाच मिनिटे नीट विचारपूस केली तर अर्धे काम होते. दम हळूहळू कमी झाला की एका दिवसात? थंड इंजिनवर की गरम झाल्यावर? सर्व वेगांवर की ठराविक फेऱ्यांनंतर? गाडी बंद करून पुन्हा चालू केली की बरी होते का? अलीकडे कोणते काम केले, डिझेल कोठे भरले?

उत्तरांवरून दिशा मिळते. खाली गाडी ठीक चालते, पण २००० नंतर जोर येतच नाही, तर हवा कमी पडते आहे, असा संशय घ्यावा. चढावर जोर देताच एकदम ताकद तुटते आणि चावी बंद-चालू केल्यावर परत येते, तर ई.सी.यू.ने काही गडबड ओळखून इंजिनला आवर घातला आहे. गॅरेजच्या भाषेत गाडी 'लिंप मोड'मध्ये गेली. वरच्या वेगांवर हळूहळू श्वास कोंडल्यासारखे होते, तर डिझेल फिल्टर किंवा धुराची वाट तुंबलेली असू शकते. एखादे काम केल्यानंतर त्याच दिवसापासून तक्रार सुरू झाली असेल, तर आधी तेच काम पुन्हा पाहावे. निखळलेली क्लिप, अर्धवट बसलेला प्लग असे प्रकार तेथेच सापडतात.

दुसरी पायरी : दोष इंजिनचाच आहे ना?

हे पाहायला पैसा लागत नाही, तरीही ते विसरले जाते. दहा किलोमीटर गाडी चालवून आणा आणि ब्रेक कमीत कमी वापरून थांबवा. चारही चाकांच्या रिमजवळ हात न लावता उष्णता पाहा. एक चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे. सपाट जागी गाडी न्यूट्रल करून ढकलून पाहा, ती सहज सरकली पाहिजे.

क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाऊन पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. फेऱ्या वाढल्या आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. इंजिनला दोष देऊ नये.

टायरमधील हवा पाहावी. ॲक्सिलरेटरखाली जाडजूड मॅट टाकलेली असेल तर पॅडल शेवटपर्यंत जात नाही. पॅडल पूर्ण दाबल्यावर स्कॅनरवर शंभर टक्क्यांच्या जवळपास आकडा दिसतो का, हेही पुढे पाहायचेच आहे.

तिसरी पायरी : धूर काय सांगतो?

जुने उस्ताद धूर पाहून रोग सांगत, ते उगाच नव्हे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर तुंबला, टर्बोनंतरचा पाइप फाटला, ई.जी.आर. व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा इंजेक्टर जास्त डिझेल टाकतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम इंजिनवर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. गोडसर वासाची पांढरी वाफ असेल आणि रेडिएटरमधील कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेटकडे पाहावे लागते. ताकद नाही आणि धूरही नाही, तर बहुधा इंजिनला डिझेलच कमी मिळते आहे.

येथे एक नवी गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत हवा कमी पडली की काळा धूर दिसायचाच. कॉमन रेल गाडीत ई.सी.यू. हवा मोजतो आणि हवा कमी दिसली की डिझेलही कमी करतो. त्यामुळे हवेचा दोष असूनही धूर न दिसण्याची शक्यता आहे. म्हणून धूर हा साक्षीदार समजावा, निकाल नव्हे.

चौथी पायरी : हवेची वाट

प्रथम एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. नंतर फिल्टर बॉक्सपासून टर्बोपर्यंत, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनपर्यंतचा प्रत्येक पाइप हाताने चाचपून पाहा. टर्बोनंतरच्या पाइपमध्ये दाबाची हवा असते. रबरी होजची खालची बाजू, क्लिपखालची कड आणि ज्या जागी होज दुसऱ्या भागाला घासतो ती जागा, या तीन ठिकाणी फाट पडते. ही फाट इंजिन उभे असताना मिटलेली असते, दाब आला की उघडते. म्हणून नुसते पाहून ती कळत नाही. चालू गाडीत जोर देताना 'स्स्स' असा आवाज येत असेल, किंवा होजबाहेर ताजे तेलकट ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल, तर ती खूण समजावी.

खात्रीसाठी दाबाची परीक्षा घ्यावी. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या हवा आत घेण्याच्या तोंडाला बूच बसवा आणि त्यातून रेग्युलेटर लावून हवा सोडा. दाब अर्ध्या बारपासून सुरू करून एक बारपेक्षा जास्त नेऊ नये. सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले की दोष सापडला. कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटर न लावता कधीही सोडू नका. होज आणि इंटरकूलर दोन्ही फुटतील.

पाइपच्या आतील बाजूस तेलाचा पातळ थर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. इंजिनच्या ब्रीदरमधून थोडी तेलकट वाफ येतच असते. इंटरकूलर उलटा केल्यावर वाटीभर ऑइल पडले, तर मात्र ते साधे लक्षण नव्हे.

पाचवी पायरी : डिझेलची वाट

डिझेल फिल्टर कधी बदलला हे मालकाला आठवत नसेल, तर तो आधी बदला. फिल्टरखालचे पाणी एका काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे ठेवा. खाली पाणी किंवा गंज बसला तर टाकीही पाहावी लागेल. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालवा. नळीत सतत बुडबुडे येत असतील, तर पंप कोठून तरी हवा ओढतो आहे. फिल्टरचा जुना रबरी ओ-रिंग हे त्याचे स्वस्तातले कारण. ही परीक्षा फक्त कमी दाबाच्या बाजूला करायची आहे. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लोखंडी पाइपला हात लावायचा नाही. त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

सहावी पायरी : स्कॅनरचे आकडे वाचा

स्कॅनर लावून दोषांची यादी काढणे आणि यादीतला भाग बदलणे, याला निदान म्हणत नाहीत. 'टर्बोचा दाब कमी' असा कोड आला, तर त्याचा अर्थ दाब कमी आहे एवढाच. टर्बो खराब आहे असा नव्हे. खरा उपयोग चालत्या गाडीतील आकड्यांचा आहे. त्यासाठी एक माणूस गाडी चालवील आणि दुसरा आकडे पाहील. उभ्या गाडीत रेस देऊन टर्बोचा पूर्ण दाब येत नाही. इंजिनवर बोजा असावा लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या चढावर, १५०० पासून ३५०० फेऱ्यांपर्यंत पूर्ण जोर देऊन नोंद घ्यावी.

तीन आकडे महत्त्वाचे.

पहिला, मॅनिफोल्डमधील हवेचा दाब म्हणजे मॅप. चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत हा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाइतका असला पाहिजे. मुंबईला समुद्रसपाटीवर तो १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्या-नाशिकच्या उंचीवर ९४-९५ च्या आसपास दिसेल. तेथेच ८० किंवा ११५ दिसला, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासा. पूर्ण जोरात २००० ते २५०० फेऱ्यांवर हा आकडा बाहेरच्या दाबाच्या साधारण दुपटीकडे गेला पाहिजे.

दुसरा, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचा आकडा. तो पुष्कळदा दर स्ट्रोकला इतके मिलिग्रॅम असा दिसतो. याचा हिशेब कागदावर करता येतो. १२४८ सी.सी.ला चार सिलिंडरने भागले की एका सिलिंडरचे ३१२ सी.सी. होतात. आपल्याकडच्या हवामानात समुद्रसपाटीला एक लिटर हवेचे वजन सुमारे १.१५ ग्रॅम. म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर साधारण ३६० मिलिग्रॅम हवा. प्रत्यक्षात काठोकाठ भरत नाही, म्हणून थोडा कमी आकडा धरावा. आयडलला ई.जी.आर. बंद असताना आकडा याच्या जवळपास हवा. ई.जी.आर. उघडला की ताजी हवा कमी होऊन आकडा बराच खाली येतो. टर्बोने दाब दुप्पट केला की हवाही दुपटीच्या आसपास जाते.

तिसरा, रेलमधील डिझेलचा दाब. स्कॅनर 'हवा असलेला' आणि 'प्रत्यक्ष' असे दोन आकडे दाखवितो. आयडलला तो २५०-३०० बारच्या आसपास असतो आणि पूर्ण जोरात हजार बारच्या पुष्कळ वर जातो. दोन्ही आकडे हातात हात घालून चढले पाहिजेत. प्रत्यक्ष दाब मागे पडला तर डिझेलकडे पाहा. फिल्टर, पंप, रेग्युलेटर किंवा गळके इंजेक्टर.

आकड्यांवरून निर्णय कसा घ्यावा : एक नमुना

समजा, अडीच लाख किलोमीटर चाललेली एक डिझायर आली आहे. कसारा घाटात दुसऱ्या गिअरशिवाय चढत नाही. चावी चालू असताना मॅप ९९. म्हणजे सेन्सर ठीक. पूर्ण जोरात २५०० फेऱ्यांवर मॅप फक्त १३०. रेलचा प्रत्यक्ष दाब मागणीबरोबर चढतो, म्हणजे डिझेल कमी नाही. कमतरता हवेची आहे, हे नक्की झाले. आता हवा टर्बो देतच नाही, की दिलेली हवा वाटेत गळते?

येथे दुसरा आकडा कामाला येतो. मॅप १३० असेल तर सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त ३६० गुणिले १.३, म्हणजे साधारण ४७० मिलिग्रॅम हवा जाऊ शकते. एअर फ्लो सेन्सर ६०० दाखवीत असेल, तर फिल्टरमधून आलेल्या हवेपैकी बरीच इंजिनपर्यंत पोहोचत नाही. ती टर्बोनंतर कोठेतरी गळते आहे. टर्बो काम करतो आहे. होज, क्लिप, इंटरकूलर पाहा.

उलट सेन्सरने ४३०-४५० दाखविले, तर हवा गळत नाही, ती मुळात कमी ओढली जाते. मग एअर फिल्टर, टर्बोचा वेस्टगेट, त्याची नळी, तुंबलेला सायलेन्सर आणि सर्वांत शेवटी खुद्द टर्बो, या क्रमाने जावे. हवेचा आकडा दाबाच्या हिशेबापेक्षा खूपच कमी, समजा ३०० दिसला, तर पूर्ण जोरात ई.जी.आर. उघडा तर नाही ना आणि एअर फ्लो सेन्सर मळलेला तर नाही ना, हे पाहावे.

कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटांची फेरी. एवढ्यावर टर्बोच्या खर्चाचा निर्णय होतो.

ई.जी.आर., काजळी आणि सायलेन्सर

ई.जी.आर. व्हॉल्व्ह थोडा धूर पुन्हा इंजिनमध्ये सोडून नायट्रोजन ऑक्साइडचे प्रदूषण कमी करतो. काजळी आणि ब्रीदरची तेलकट वाफ एकत्र येऊन डांबरासारखा थर साचतो. व्हॉल्व्ह अर्धा उघडा अडकला की जोराच्या वेळी ताजी हवा कमी पडते. तो काढून स्वच्छ करावा, मॅनिफोल्डचे तोंडही पाहावे. काही ठिकाणी पत्रा लावून तो कायमचा बंद करतात. तसे करू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही, आणि त्याची जबाबदारी गाडीमालकावर येते.

धुराची वाट तुंबली की टर्बोचे चाक मोकळेपणी फिरत नाही. जुन्या गाडीत कॅटॅलिटिक कनव्हर्टरची आतील जाळी तुटून किंवा काजळीने भरून वाट अडते. टर्बोनंतरचा आणि कनव्हर्टरच्या आधीचा जोड सैल करून अगदी थोडे अंतर गाडी चालवून पाहावी. दम परत आला तर दोष पुढे आहे. आवाज आणि गरम धूर यांपासून वायरिंग सांभाळावी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. ६ डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा डी.पी.एफ. फिल्टर असतो. फक्त शहरातल्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो भरून जातो. त्याची स्वतःहून होणारी सफाई महामार्गावर सलग चालविल्याशिवाय पूर्ण होत नाही.

वेस्टगेट, व्हॅक्यूम आणि पाकळ्या

टर्बोचा दाब आवरण्यासाठी साध्या टर्बोत वेस्टगेट असतो. तो बंद राहत नसेल तर धूर टर्बोच्या चाकाला बगल देऊन निघून जातो आणि दाब बनत नाही. ज्या टर्बोत हलत्या पाकळ्या असतात, तेथे काजळीने पाकळ्या अडकतात. अशा पुष्कळ टर्बोंत दांडी व्हॅक्यूमने ओढली जाते. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन दांडी सुरळीत, न अडखळता सरकते का आणि सोडल्यावर परत जाते का, ते पाहा. व्हॅक्यूमची बोटभर नळी चिरली तरी गाडीचा दम जातो. त्या नळ्या शेवटी नव्हे, आधी पाहाव्यात.

इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन

रेलचा दाब मागे पडत असेल तर इंजेक्टरची रिटर्न परीक्षा घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्न तोंडाला सारख्या बाटल्या जोडून इंजिन काही मिनिटे चालवा. एक बाटली इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतो. गरम इंजिन चालू व्हायला वेळ लागणे हेही याचेच लक्षण. नवा इंजेक्टर बसविताना त्यावर संकेतांक असेल तर तो ई.सी.यू.मध्ये भरावा लागतो, आणि तांब्याचा वॉशर नवाच लावावा.

सर्व काही ठीक असूनही दम नसेल, तर कॉम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. चालू इंजिनवर ऑइल भरण्याचे झाकण सैल केल्यावर जोराने वाफेचे झोत येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत. या इंजिनला टायमिंग चेन आहे. ऑइल वेळेवर बदलले नाही तर ती ढिली पडते. सकाळी चालू करताना खडखड आवाज येत असेल, तर दमाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी चेन पाहावी. ती सुटली तर इंजिनच जाईल.

आता टर्बो

एवढे झाल्यावर टर्बोकडे यावे. इंजिन थंड असताना होज काढून टर्बोचे चाक बोटाने फिरवा. ते सहज फिरले पाहिजे. दांडा वर-खाली किंचित हलतो, ते साहजिक आहे, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगते. पण चाकाची कड घराला लागू नये, आणि आत-बाहेर जाणवेल इतके हलू नये. पाती तुटलेली, घासलेली असतील तर टर्बो गेला.

पण मग विचारा, का गेला? लाखो फेऱ्या घेणाऱ्या या दांड्याला फक्त ऑइलचा आधार असतो. ऑइलचा पाइप काजळीने भरला असेल, ऑइल चुकीचे असेल, फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेली असेल, किंवा घाट चढून येताच चालक इंजिन लगेच बंद करीत असेल, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाईल. कारण दूर न करता टर्बो बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाला दुसऱ्या टर्बोचे बिल आधीच देऊन ठेवणे होय.

दोन धोके जिवाचे

जुन्या गाड्यांत चालू इंजिनवर नोजलचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर मारत नाही ते पाहण्याची पद्धत होती. कॉमन रेल गाडीत ती अजिबात करू नये. शेकडो बारच्या दाबाचे डिझेल सुईसारखे कातडीतून आत जाते. बाहेर छोटा ठिपका दिसतो, आत हात सडतो. असे झाले तर दुखत नसले तरी ताबडतोब रुग्णालयात जावे आणि दाबाचे डिझेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. हाताखाली शिकणाऱ्या पोरांना हे पहिल्याच दिवशी शिकवावे.

दुसरा धोका, फुटलेल्या टर्बोतून ऑइल इंजिनमध्ये जाऊन इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटणे. चावी काढली तरी ते बंद होत नाही. हातगिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे इंजिन गुदमरते. ते जमत नसेल तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबावी. हात किंवा फडके कधीही नको. तेही शक्य नसेल तर माणसांना दूर करावे. इंजिनपेक्षा माणूस महाग.

निदानाचीही मजुरी घ्या

आपल्याकडे गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देते, पण तपासणीचे द्यायला कां-कू करते. म्हणून मिस्त्रीही तपासणी टाळून भाग बदलण्याकडे वळतो. ही सवय दोघांनी सोडली पाहिजे. गाडी घेतानाच सांगावे: "तपासणीची मजुरी इतकी, दोष सापडल्यावर खर्च सांगू, मग तुम्ही ठरवा." एक साधी वही ठेवावी. किलोमीटर, तक्रार, मॅपचे दोन आकडे, हवेचा आकडा, रेलचा दाब, काय सापडले, काय बदलले. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. वर्षभरात ही वही कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची होते, कारण चांगल्या गाडीचे आकडे माहीत असल्याशिवाय बिघडलेल्या गाडीचे आकडे ओळखता येत नाहीत.

गाडीमालकांनीही लक्षात ठेवावे. "टर्बो बदला" असे कोणी सांगितले तर नम्रपणे विचारावे: "दाब किती आला? होजची परीक्षा घेतली का?" ज्याने तपासले आहे तो आकडा सांगेल. ज्याने तपासले नाही त्याला तो प्रश्नच आवडणार नाही, आणि आपल्याला उत्तर मिळून जाईल.